कागदाबाहेर गेलेली पांधन

मंगळवारी आणि शुक्रवारी आमच्या मालकांना चार माणसं बाजेवर घालून रस्त्यापर्यंत न्यायची. रस्त्यावर गाडी उभी असायची. ती त्यांना अकोल्याला न्यायची, तिथे चार तास मशीनवर त्यांचं रक्त स्वच्छ करायचे, आणि दिवस मावळायच्या आत गाडी त्यांना परत रस्त्यावर आणून सोडायची. मग पुन्हा चार माणसं आणि पुन्हा बाज.

पहिल्यांदा उचललं तेव्हा माणसांनी सवयीनं बाज खांद्यावर घेतली. मालक ओरडले, "अबे, मेलो नाई मी अजून! कमरेइतकी धरा." सगळे हसले. मीही हसले. तिसऱ्या आठवड्यानंतर कोणी हसलं नाही.

आमचं घर वावरात आहे, हिवरखेडच्या रस्त्यापासून सहाशे पावलं आत. रस्त्याला लागून खुशालरावचं वावर, त्याच्या मागे आमचं, आमच्या मागे जानरावचं, आणि मग नाला. दोन्ही अंगांना दुसऱ्यांची कुंपणं. पूर्वी दवाखान्याची गाडी थेट दारात यायची. खुशालरावच्या वावराच्या कडेनं एक पांधन होती, बैलगाडी सहज जाईल एवढी रुंद. तीच आमची येण्याजाण्याची वाट. औंदा सोयाबीन निघालं, आणि खुशालरावनं त्या पांधनीच्या तोंडाशी लोखंडी खांब रोवून काटेरी तार ओढली.

खुशालराव मालकांचा चुलतभाऊ. तीस वर्षं अकोल्याला नोकरी करून परत आला आणि आता त्याला केळी लावायची होती. मी तारेपाशी गेले तेव्हा तो खांबाला सिमेंट लावून घेत होता.

"भाऊजी, गाडी कशी येईन आता?"

"कोणती गाडी, वहिनी?"

"दवाखान्याची. तुमचा भाऊ मशीनवर जाते, तुमाले मालूम नाई?"

"मालूम हाय ना. मी काय माणसाले अडवून राहिलो? माणूस जाते खालून. वाका अन् जा." त्यानं थापी पाण्यात बुडवली. "सातबारा माह्या नावानं, वावर माह्या नावानं. वाट गाव नकाशात दाखवा, आत्ता खांब उपटतो."

हे वाक्य मी आधी ऐकलं होतं. कुठं ऐकलं ते त्या दिवशी मी आठवू दिलं नाही.

लोक म्हणाले, गावात खोली करा, अकोल्याला राहा. मालक ऐकत नव्हते. त्यांचं म्हणणं, मशीन आठ तास घेते, उरलेला आठवडा तरी माझ्या वावरात काढू द्या. दोन बैल, एक गाय, उभी तूर आणि मी, सगळे त्यांच्याबरोबर आत अडकलो. मुलगी आचल चांदूर रेल्वेला दिलेली. ती फोनवर रडायची आणि मग मलाच तिची समजूत घालावी लागायची. बाज उचलणाऱ्या चौघांपैकी दोघं माघ संपला की विटांच्या भट्टीवर जाणार होते. त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं. माघ संपायच्या आत वाट उघडली नाही, तर मंगळवारी बाज दोन माणसांवर जाणार नव्हती.

मी तहसीलला अर्ज केला. नायब तहसीलदार बाई होत्या, माझ्या आचलच्या वयाच्या. त्यांनी गाव नकाशा मागवला. त्यात गट नंबर होते, नाला होता, पांधन नव्हती.

"नकाशात नसली तरी चालेल," त्या म्हणाल्या. "वहिवाट होती हे दाखवा. जुना फोटो आणा, उपग्रहाचा असेल तर उत्तम. आणि त्या वाटेनं गाडी नेणारा घराबाहेरचा एक साक्षीदार आणा."

उपग्रहाचा फोटो कुठं मिळतो ते मला ठाऊक नव्हतं. ओमप्रकाशला ठाऊक होतं. त्याचं ऑनलाइनचं केंद्र तेल्हाऱ्यात बस स्टँडच्या मागं आहे. सातबारा, पीक विमा, दाखले, सगळं तिथून निघतं. पन्नाशीचा माणूस, तोंडात सुपारी आणि बोटं सतत चालू.

"बसा मावशी. आभाळातून तुमचं घर दाखवतो."

सगळ्यांच्या मोबाइलमध्ये असतो तो नकाशा त्यानं मोठ्या पडद्यावर उघडला. आमचं टिनाचं छप्पर दिसलं. बाकी सगळं हिरवं होतं. खुशालरावचं वावर हिरवं, आमचं हिरवं, पांधनही हिरवी.

"हा पावसाळ्यातला फोटो हाय," तो म्हणाला. "पावसाळ्यात सारं एकच दिसते. आपल्याले उन्हाळ्यातला पायजे. वावर वखरेल असते, काळं. अन् जिथून गाड्या जातात थे जमीन दबून पांढरी पडते. वाट अशी उठून दिसते पाहा."

"मंग उन्हाळ्यातला काढ."

"काढ म्हटलं की निघते का? हे लोक जो लावतीन थोच पाहा लागते. पण हा काही एकटाच नाई. लोकाले हा एकच मालूम हाय म्हणून."

मग तो एकेक उघडत गेला. एक आपल्याच देशाचा होता. त्यात नाला छान निळा दिसला आणि ओमप्रकाश गावाची हद्द शोधत बसला. एक युरोपातल्या उपग्रहाचा होता, त्यात दर पाच दिवसांनी नवा फोटो येतो. मी म्हटलं, हा चांगला.

"चांगला हाय, पण याचा एक ठिपका म्हणजे दहा मीटर. तुमची पांधन आठ-दहा फुटाची. ठिपक्यात बुडाली थे."

त्या फोटोत आमचं घर म्हणजे एक फिकट डाग होता. आजूबाजूला चौकोन, मध्ये डाग. दोन वर्षांपासून मी त्या डागाच्या आत स्वयंपाक करत होते, गोळ्या मोजून देत होते, मंगळवारची वाट पाहत होते. वरून पाहिलं तर त्या डागातून बाहेर जायला कुठं फट नव्हती.

"आता हा पाहा," ओमप्रकाश म्हणाला. "याच्यात फोटो नाई. लोकं स्वतःच काढतात हा नकाशा. कोणीबी काढते. रस्ता, विहीर, देऊळ. जगभर लोकाले रिकामा वेळ लय."

पांढऱ्या पडद्यावर थोड्या रेघा होत्या. हिवरखेडचा रस्ता जाड होता. त्या रस्त्यातून एक तुटक तुटक रेघ निघाली होती, अगदी जिथून आमची पांधन निघते तिथून. मी खुर्चीवरून उठले.

"हेच! हेच आमची पांधन."

"थांबा मावशी. थे पुढं जाऊन राहिली."

रेघ खुशालरावच्या कडेनं आमच्या घरापाशी आली होती आणि थांबली नव्हती. ती आमच्या मागच्या खोलीतून गेली होती, आमच्या तुरीतून गेली होती, आणि जानरावच्या वावरात एका बारीक गोलापाशी संपली होती. गोलापाशी लिहिलं होतं, विहीर.

"रेघ चुकली असन," मी म्हटलं.

"असन. काढणाऱ्याचं नाव दिसते इथं." त्यानं काहीतरी दाबलं. "अश्विन. आठ वर्षं झाले काढून. ओळखता का?"

जानरावच्या मुलाचं नाव अश्विन. तो संगणकाच्या नोकरीला लागून दूर गेला एवढं मी ऐकून होते. मी म्हटलं, पुढं दाखव.

ओमप्रकाशनं शेवटी एक असा उघडला ज्यात जुन्या वर्षांचे फोटो ओळीनं ठेवलेले होते. खालची पट्टी सरकवली की वर्ष मागं जातं. तो सरकवत गेला. आधी गोठ्याचं नवं छप्पर गेलं. मग मागची खोली गेली. मग घरच गेलं. सन दोन हजार चार, मे महिना. काळी वावरं, नुकती वखरलेली. आणि त्या काळ्यातून रस्त्यापासून जानरावच्या विहिरीपर्यंत एक पांढरी रेघ, कुठं न तुटता.

"आई शपथ," ओमप्रकाश म्हणाला. "अश्विन नाई चुकला."

तो चुकला नव्हता हे मला आधीच माहीत होतं. त्या पांधनीनं दोन घरच्या गाड्या जायच्या, आमची आणि जानरावची. पुढच्या अंगाला आमची, आणि त्याची तर टोकापासून टोकापर्यंत. तिच्यावर रोजची चाकं होती म्हणून ती आभाळातून दिसण्याइतकी पांढरी झाली होती. दोन वर्षांनी, वावरात घर बांधून झाल्यावर, पेरणीच्या दिवसांत, मालकांनी आमच्या हद्दीतल्या त्या वाटेवर वखर घातला. मी मागून तुरीचं एकेक बी मातीत टोबत गेले. वाट मोडून तुरीच्या सहा ओळी जास्त झाल्या.

जानराव दुसऱ्या दिवशी आला होता. त्यानं दारातूनच आवाज दिला, "देवमनभाऊ, पुरी नका मोडू. गाडीपुरती ठेवा."

मालक खाटेवर बसून चहा पीत होते. म्हणाले, "गाव नकाशात दाखव, ठेवतो."

जानराव तहसीलला जाऊन आला. नकाशात काही नव्हतं. पुढं चार हंगाम तो आणि त्याची बायको जाईबाई कापसाची गाठोडी डोक्यावर घेऊन नाल्यातून लांबून जायची. मी दारात असले की आत जायची. पाचव्या वर्षी त्यांचं वावर पडीक राहिलं आणि ती दोघं मुलीकडे अमरावतीला गेली. पडीक वावर कोणाच्या डोळ्यात येत नाही. आम्ही मागची खोली बांधली, ती बरोबर त्या वाटेवर. खाली जमीन घट्ट होती म्हणून पाया कमी खणावा लागला.

ओमप्रकाश माझ्याकडे पाहत होता. सुपारी त्यानं गालात सरकवली. "मावशी, घरापर्यंतच घेऊ का? मांगचं आपल्या काय कामाचं? इथून कापतो."

मी म्हटलं, "काप."

फोटो रंगीत निघाला. रस्ता, खुशालरावचं काळं वावर, पांढरी वाट, आणि जिथं आज आमचं अंगण आहे तिथं कागद संपला. तारीख खाली ठळक होती. मी तो प्लास्टिकच्या पिशवीत घातला आणि घरी येईपर्यंत छातीशी धरून ठेवला. घरी मालकांना दाखवला नाही.

आता साक्षीदार. गावात चार घरी गेले. एक म्हणाला, खुशालरावशी वाकडं नको. दुसरा म्हणाला, मी त्या वाटेनं कधी गाडी नेली नाही, खोटं कसं बोलू. खरंच त्यानं नेली नव्हती. त्या पांधनीनं गाडी नेणारं घराबाहेरचं घर एकच होतं.

मालकांचा तो बुधवार होता. मशीननंतरच्या दिवशी ते झोपून असतात. शेजारच्या मळ्यातल्या पार्वताबाईला त्यांच्यापाशी बसवलं आणि एस.टी.नं अमरावतीला गेले.

जानराव आता नाही. जाईबाई मुलीकडे राहते. मुलगी ज्योत्स्ना तिथं सरकारी दवाखान्यात सिस्टर आहे. दार ज्योत्स्नानंच उघडलं. गावात साक्षरतेचे वर्ग निघाले होते तेव्हा ती सतरा वर्षांची होती आणि विहारात आम्हा बायकांना शिकवायची. मी छत्तीस वर्षांची. माझं नाव लिहायला मी तिच्याकडून शिकले. त्यानंतर बारा वर्षांनी मी तिच्या बापाच्या वाटेवर तूर टोबली.

"काकू?" ती म्हणाली. "या ना, आत या. आई, पाह्य कोण आलं."

जाईबाई पलंगावर पाय वर घेऊन बसली होती. पंचाहत्तरीची असेल. डोळे चांगले होते. तिनं मला ओळखलं, पण "बस" म्हणायला थोडा वेळ घेतला.

चहा झाला. तिनं मालकांची तब्येत विचारली, मी सांगितली. आचलची मुलं विचारली. मग मी खुशालरावच्या तारेचं सांगितलं, बाजेचं सांगितलं, माघ संपायचं सांगितलं. जाईबाई ऐकत होती आणि मधून मधून "हो का" म्हणत होती.

"तुमी एक सही केली तं होते, जाईबाई. तुमी त्या वाटेनं गाडी नेत होत्या एवढंच."

"नेत होतो ना. बावीस वर्षं नेली."

"हे पाहा, फोटो बी भेटला." मी पिशवीतून कागद काढून तिच्यासमोर ठेवला. "आभाळातून घेतेल हाय. सन दोन हजार चारचा."

तिनं कागद जवळ ओढला. बराच वेळ पाहिला. मग उजव्या हाताचं बोट रस्त्यावर ठेवलं आणि पांढऱ्या वाटेवरून हळूहळू आत नेलं. खुशालरावचं वावर झालं. आमचं अंगण आलं. कागद संपला. बोट थांबलं नाही. ते कागदावरून उतरून पलंगाच्या चादरीवर आलं, चादरीवरून तसंच सरळ पुढं गेलं, वीतभर, आणि एका जागी टेकलं.

"इथं माही विहीर हाय," ती म्हणाली.

मी खाली पाहत होते.

"कागद लहान पडला का, सुभद्राबाई?"

ज्योत्स्ना दारात उभी होती. ती म्हणाली, "आई, जाऊ दे."

"जाऊच देल्लं ना वीस वर्षं." जाईबाईचा आवाज चढला नव्हता. "अश्विननं काढली होती कंप्युटरवर. म्हणे आई, सांग कुठून कुठं होती. म्या सांगितलं अन् त्यानं रेघ मारली. मी म्हटलं याचा काय उपयोग रे? म्हणे उपयोग नाई, पण होती थे होती." तिनं फोटो माझ्याकडे सरकवला. "हा फोटो तवाच काढेल होता म्हणतं तू. म्हणजे अश्विनचे बाबा तहसीलले चकरा मारत होते तवा हा कुठंतरी होताच."

"होता."

"कोणाले दिसला नाई फक्त." तिनं पाय खाली सोडले. "तुह्या मालकाले त्रास हाय, मले वाईट वाटते. खोटं नाई बोलत. पण अर्ध्या फोटोवर मी सही करत नाई. पूरा आण. त्यावर करतो."

"पूरा आणला तं खुशालराव मलेच विचारन, तुही वाट कुठी गेली म्हणून."

"विचारन ना," जाईबाई म्हणाली. "मी बी विचारत होतो."

परतीच्या एस.टी.त मला बसायला जागा मिळाली पण बसवलं नाही. तेल्हाऱ्याला उतरले. ओमप्रकाश शटर ओढत होता. मी म्हटलं, पूर्ण फोटो दे. त्यानं काही न विचारता पुन्हा संगणक चालू केला.

घरी मालक जागे होते. "कुठी गेलती?"

"अमरावतीले. जाईबाईकडं."

त्यांनी तोंड भिंतीकडे केलं. मी फोटो उशीपाशी ठेवला. "पाहा."

"चष्मा नाई."

"चष्मा उशाखाली हाय."

त्यांनी चष्मा लावला आणि फोटो कंदिलाला धरावा तसा दिव्याला धरला. मग हळूच पोटावर ठेवला.

"मले मालूम होतं," ते म्हणाले. "तू तहसीलले जाऊन राहिली, तेल्हाऱ्याले जाऊन राहिली. मी रोज म्हणो, इले काहीच न सापडो."

"मंग तोंडानं सांगाचं होतं."

"काय सांगू? का खुशाल जे करून राहिला थे मीच त्याच्या पह्यले केलं?"

"तूर म्याच टोबली होती."

"वखर माहा होता." ते छपराकडे पाहत बोलत होते. "हे बाज हाय ना, या बाजेखाली हाय थे वाट. रातदिन मी तिच्यावरच पडेल हावो. तुले काय वाटते, मले झोप औषधानं येत नाई?"

मी फोटो उचलून घेतला. ते म्हणाले, "पूरा नेऊ नको. खोली जाईन."

"अर्धा नेला तं साक्षीदार नाई. साक्षीदार नाई तं वाट नाई. अन् मंग माघ सरल्यावर तुमाले कोण उचलन?"

मी त्यांचं मन वळवत बसले नाही. मी दुसऱ्या दिवशी पूर्ण फोटो अर्जाला जोडला आणि साक्षीदार म्हणून जाईबाई जानराव असं स्वतःच्या हातानं लिहिलं.

जागेची पाहणी जानेवारीच्या शेवटी झाली. नायब तहसीलदार बाई, तलाठी, खुशालराव, आणि ज्योत्स्नाबरोबर जाईबाई. जाईबाई तारेखालून वाकून आत आली. वीस वर्षांनी त्या वाटेनं आली आणि तारेखालून आली. बाईंनी मोबाइलवर तोच जुना फोटो उघडला होता आणि त्यात स्वतःचा निळा ठिपका पाहत त्या चालत होत्या. त्यांचा ठिपका पांढऱ्या रेघेवरून सरकत होता. खुशालरावच्या धुऱ्याशी, त्याची हद्द संपते तिथं, त्या थांबल्या.

"वाट होती, हे तर स्पष्टच आहे," त्या म्हणाल्या.

"हो ना, स्पष्ट हाय," खुशालराव म्हणाला. त्यानंही फोटो पाहिला होता आणि त्याचा चेहरा खुलला होता. "आता पुढं चला मॅडम. पुढं बी स्पष्ट हाय."

त्या पुढं चालल्या. आम्ही मागून. निळा ठिपका आमच्या अंगणात आला, मागच्या खोलीच्या भिंतीला लागला आणि थांबला. आतून मालकांच्या खोकल्याचा आवाज आला.

"पाहा!" खुशालराव हसला. "इचं सोताचं घर वाटेवर हाय, अन् माह्या तारेवर अर्ज! पह्यले इची भिंत पाडा मॅडम, मंग माही तार. नाई तं मी अपिलात जातो, वर जातो, कुठंबी जातो."

"मागच्या वाटेचा अर्ज माझ्यापुढं नाही," बाई म्हणाल्या. "त्याची मुदत केव्हाच गेली. ह्या भिंतीबद्दल मी आदेश देऊ शकत नाही."

म्हणजे कायद्यानं आमच्या खोलीला काही होणार नव्हतं. खुशालरावला हसून घेऊ द्यायचं, जाईबाईची सही झाली की तिला एस.टी.त बसवून द्यायचं, एवढंच उरलं होतं. जाईबाई त्या भिंतीकडे पाहत होती. काही मागत नव्हती. पूर्ण फोटो आण, एवढंच तिनं मागितलं होतं आणि मी तो आणला होता.

मी गोठ्यातून सब्बल, लोखंडी पहार, आणली. जड होती. भिंतीच्या कोपऱ्यात, जिथं सिमेंट फुगलं होतं, तिथं मारली. वीट हलली, पडली नाही.

"आचलची माय!" आतून मालक ओरडले. "काय करतं?"

"तुमाले पुढच्या खोलीत नेतो," मी ओरडून सांगितलं. "भिंत काढून राहिलो."

आत बाज करकरली. मग ते म्हणाले, "पह्यले मले तं काढ! भैताड बाई! डोक्यावर पडन ना!"

ज्योत्स्ना फिसकन हसली आणि तिनं लगेच तोंडावर हात ठेवला. ती आणि तलाठी आत गेले आणि त्यांनी बाज पुढच्या खोलीत आणली. मालक माझ्याकडे पाहत नव्हते. जाईबाईकडे त्यांनी पाहिलं, हात जोडायला उचलला आणि तो पांघरुणावर ठेवून दिला. जाईबाई म्हणाली, "तब्येत कशी हाय, देवमनभाऊ?" ते म्हणाले, "हाय अशी." जाईबाईनं फोटोच्या मागं, पूर्ण फोटोच्या मागं, सही केली.

खोली काढायला चार दिवस लागले. तूर त्या आठवड्यात कापणीलाच आली होती, वाटेवरच्या सहा ओळी आधी कापल्या. आता आमच्या अंगणातून जानरावच्या विहिरीपर्यंत सरळ दिसतं.

पण तार अजून तिथंच आहे. आदेश झालेला नाही, खुशालरावनं वकील लावून तारीख वाढवून घेतली. एवढं मात्र झालं की पाहणीच्या दुसऱ्या आठवड्यात त्यानं दोन खांबांमधली तार काढून तिथं लोखंडी फाटक बसवलं आणि त्याला कुलूप घातलं. मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी तो येऊन कुलूप काढतो, गाडी आत येते, दारात लागते. संध्याकाळी गाडी गेली की पुन्हा कुलूप. मी चावी मागितली. तो म्हणाला, "आदेश आणा, चावी घ्या." मागच्या शुक्रवारी तो लग्नाला गेला होता आणि फाटक नऊ वाजेपर्यंत बंद होतं. भट्टीवर जाणारे दोघं गेले होते. मालक अंगणात बाजेवर आणि गाडी फाटकाबाहेर, असे आम्ही दोन तास बसलो.

त्या संध्याकाळी जाईबाईचा फोन आला. अश्विन म्हणतो औंदा वावर कसायला द्यायचं, ट्रॅक्टर आणायचा, ती सांगत होती. ट्रॅक्टर आमच्या अंगणातून जाईल, पण आधी फाटकातून यावा लागेल.

"फाटक कोणाचं?"

"खुशालरावचं."

"चावी?"

"त्याच्यापाशीच."

मागं अमरावतीच्या रस्त्याचा आवाज येत होता.

"तारीख कवा हाय म्हणतं?" तिनं विचारलं.

"सोळा."

"मंग पंधराले मुक्कामाले येतो मी तुह्याकडं. आता आत आपण दोघी हावो. दोन अर्ज टाकू."

"खोली एकच राहिली आता, जाईबाई."

"हो, मालूम हाय," ती म्हणाली. "मी अंगणात झोपन."